सात दगडांची हद्द

सासूबाईंचा कुणावर विश्वास नव्हता. घरच्या म्हशीनेही दुधात पाणी घातलं असेल, असं त्यांना वाटे. त्यामुळे सरपंच एका सकाळी आपण होऊन ओसरीवर आले आणि दुसऱ्यांदा चहा मागू लागले, तेव्हा त्या आत येऊन मला म्हणाल्या, "आपल्या घरचा चहा या माणसाले आज गोड काऊन लागून राह्यला?"

कारण संध्याकाळी दवंडीतून कळलं. तलावाकाठची जमीन गावठाणात घ्यायची, तिथे बेघरांना घरासाठी जागा द्यायची. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं. जो तो विकासाच्या गोष्टी करी, आणि नाही म्हणणारा गावाचा वैरी ठरे.

मी घरात नवी सून, बुलढाण्याच्या कारकुनाची मुलगी. तलावातली शेती मी सासरीच पाहिली. पावसाळ्यात जिथे माणूस बुडेल एवढं पाणी, तिथून दिवाळीनंतर ते हटत जाई. मागे काळा गाळ राही आणि त्यात काही घरं हरभरा, वांगी, काकड्या घेत. त्यातला एक तुकडा सासूबाईंचा. सासरे गेल्यावर याच तुकड्यावर त्यांनी मुलं वाढवली. अमडापूरच्या बाजारात त्यांची काकडी टोपली खाली ठेवायच्या आत खपायची. काठावर मुरूम पडला की हे सगळं संपणार होतं.

"बेघर कोन हायेत, त्यायची नावं सांगा म्हनाव," त्या म्हणायच्या. नावं कुणी सांगेना. सरपंचांच्या मेव्हण्याच्या बैलगाड्या मात्र काठावर दगड टाकू लागल्या होत्या. निर्णय व्हायचा होता आणि दगड आधीच हजर. मलाही सासूबाईंची लागण झाली. चिखलीच्या तहसीलदार साहेबांची पाहणी ऐन वैशाखात, पाणी तळाला गेलेलं असताना कुणी ठरवली, हे मी नवऱ्याला विचारत राहिले. "सरकारी काम आहे," एवढंच तो म्हणे.

सासूबाईंनी उपाय काढला. देवाच्या जागेला सरकार हात लावत नाही. पाणी तिथे साती आसरा, पाण्यातल्या सात देवी, हे तर शेंबडं पोरही जाणतं. सात दगड मांडून शेंदूर फासला की झालं. आसरांची जागा पाण्यालगत, म्हणून एका भरदुपारी, गाव झोपलेलं असताना, आम्ही दोघींनी तुकड्याच्या खालच्या टोकाला, पाण्याच्या अगदी कडेला दगड रोवले. हिरव्या बांगड्या वाहिल्या, लिंबू ठेवलं. मला हसू आलं तशी त्यांनी डोळे वटारले.

साहेब आले. शेंदूर पाहून त्यांनी बूट काढले, हात जोडले. सरपंचांनी तर नारळच फोडला. नारळ ते घरून घेऊनच आले होते, हे मला खटकलं.

"कधीपासून आहेत या?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या आजेसासऱ्याच्या आंधीपासून," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या.

सरपंचांनी मान डोलावली. "ऐकलं ना साहेब? आसरा काठावरच बसते. म्हंजे पाणी इथवरच. वर चढत असतं तं शेंदूर राह्यला असता का?"

साहेबांनी दगडांपासून गावापर्यंत नजर फिरवली. मधली सारी जमीन, आमच्या काकड्यांसकट, कोरडी ठरली. पंचांनी अंगठे उठवले.

घरात शिरताच मी म्हणाले, "आत्याबाई, उद्या चिखलीला जाऊ. दगड आपण मांडले, साहेबांना सांगून टाकू. नाहीतर तुकडा गेला."

"गेला तं गेला," त्या म्हणाल्या. "मानसाले खोटं पाडता येते. आसरायले कोन खोटं पाडन?"

"पण ते आपणच मांडले ना?"

"मांडले तवा दगड होते. आता साहेबानं हात जोडले, नारळ फुटला," त्या म्हणाल्या, आणि पदराने तोंड पुसत चुलीकडे वळल्या.