रक्ताचा मामा

उत्क्रांतीने लाखो वर्षं खपून जे काही घडवलं ते आमच्या मेहुण्यांपाशी येऊन पूर्ण झालं, यावर निदान त्यांचा तरी ठाम विश्वास आहे. मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. चिकपेटेत साड्यांचं दुकान आणि तोंडात सदा जीन, गुणसूत्रं, आनुवंशिकता. हे शास्त्र ते मोबाइलवर शिकले, गिऱ्हाईक नसताना, म्हणजे भरपूर शिकले. पूर्वज घोड्यांवरून या कानडी मुलखात उतरले, तेव्हा घोडदौड आपल्या रक्तातच आहे असं सांगणारा हा वीर स्कूटर चालवताना दोन्ही पाय रस्त्याला घासत जातो. मुलाला चित्रकलेत बक्षीस मिळालं की जीन यांचे. गणितात नापास झाला की यांच्या सासरवाडीचे. एकदा दुकानात आलेल्या बाईची हनुवटी बघून नोकराला हळूच म्हणाले, "उलगडू नकोस. ही हनुवटी नुसती बघून जाते." ती बाई शेजारच्या दुकानातून चार साड्या घेऊन यांच्यासमोरून गेली, तर म्हणे, "आईकडून आलं असणार."

आम्ही दोन वर्षांची मुलगी दत्तक घेतली, तेव्हापासून मला या गमतींचं हसू येईनासं झालं. कान टोचताना पोर मामाच्या मांडीवर बसवायची, ही आमच्याकडची रीत. बायकोने आपल्या एकुलत्या भावाला विचारलं, तर हा शहाणा म्हणतो, "माझी ना नाही गं, पण रक्ताचा मामा लागतो. शास्त्र आहे ते." बायको दोन दिवस धड जेवली नाही. मी ठरवलं, मांडी माझीच द्यायची आणि या गृहस्थांशी संबंध संपवायचा.

तरी त्या दिवशी ते आलेच, जेवायला. सोनाराने पहिला कान टोचला. पोरीने किंकाळी फोडली, माझ्या मांडीवरून निसटली आणि दारात उभ्या असलेल्या मेहुण्यांच्या पायांना मिठी मारली. आता हे पाय सोडवून घेणार म्हणून मी उठलोच. पण त्यांनी तिला उचललं, पाटावर बसले आणि तिला मांडीवर घेऊन सोनाराला म्हणाले, "स्वल्प हळू, अण्णा." दुसरा कान झाला. त्यांचा नवा सदरा शेंबडाने भिजला होता. पोर हुंदके देत होती आणि ते आम्हा सगळ्यांवर डाफरत होते, "बघता काय? आमच्या घराण्यात कुणालाच सुई सोसत नाही."

त्यांचं शास्त्र इतकं चुकलेलं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि दुरुस्त करावंसंही वाटलं नाही. बायको पोरीला पाणी आणायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.