मिनिटभर कुणी बोलायचं नाही

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमचं घर बौद्ध. लहानपणी भुताचं नाव काढलं तरी बाबा कानाखाली वाजवायचे. त्यामुळे लिंबू-मिरची, उतारे वगैरे प्लीज सुचवू नका... जे झालं तेवढंच लिहितेय.

बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत आमचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. उरलो आम्ही दोघं, आणि बोलणं बंद. भांडण नाही हो, भांडण असतं तर बरं! यांना मोरिवलीच्या कंपनीतून गुजरातच्या प्लँटवर बदली मिळत होती. "मी एकटाच जातो," हे म्हणाले. "जा," मी म्हणाले. याचा अर्थ काय ते दोघांनाही कळत होतं. सोमवारी बदलीच्या कागदावर सही करणार होते.

त्यात यांचा भाचा सिद्धार्थ त्याचा सिनेमा घेऊन आला. "मामी, रविवारी शूटिंगला घर दे ना." गोष्ट काय, तर कित्येक वर्षं संसार केलेलं जोडपं दिवसभर नुसतं बोलतं. मारामारी नाही, गाणं नाही.

"एवढं काय बोलतात रे?"

"सगळंच," तो म्हणाला. मला उगाच रागच आला त्याचा.

रविवारी दुपारपर्यंत ती नट-नटी आमच्या बेडरूममध्ये बोलत होती. आम्ही नवरा-बायको हॉलमध्ये दोन टोकांना, पाहुण्यांसारखे. मग ती दोघं जेवायला खाली गेली आणि सिद्धार्थ ओरडला, "आता रूम टोन! मिनिटभर कुणी बोलायचं नाही." म्हणजे रिकाम्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करतात, नंतर एडिटिंगमध्ये संवादांच्या मागे लावायला. पंखे, फ्रीज सगळं बंद. माइक बेडरूममध्ये, आणि साउंडवाले हरीशभाई, उल्हासनगरचे सिंधी, हॉलमध्ये हेडफोन लावून बसलेले.

काही सेकंदांतच ते माझ्याकडे बघायला लागले. "भाभी, अंदर कोई है क्या? बातें कर रहे हैं."

मी उठून बघितलं. आत कुणी नाही. खिडकीसुद्धा लावलेली.

"आप सुनो," म्हणत त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिला.

"अगं, चहा टाकतेस का?"

"आत्ताच तर घेतलात!"

"घेतला? ...बरं."

आवाज यांचा. पण म्हातारा, घशात खरखर असलेला. आणि दुसरा आवाज माझा — तोही म्हातारा. आणि मी हसत होते हो! यांच्याशी बोलताना मी शेवटची कधी हसले होते, मला आठवेना.

हे समोर बसलेले, तोंड मिटून. "काय झालं?" यांनी विचारलं. मी हेडफोन यांच्या हातात दिला. ऐकता ऐकता यांचा चेहरा उतरत गेला. हेडफोन काढून ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

सिद्धार्थने लगेच ते रेकॉर्डिंग लॅपटॉपवर लावलं. काही नाही. नुसती शांतता. "शेजारचा टीव्ही असेल," म्हणे. अरे बाबा, शेजारच्या टीव्हीत मी कशी असेन? हरीशभाईंनी मात्र सामान आवरायला घेतलं.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "मी हसत होते, ऐकलंत ना?"

"तू?" हे माझ्याकडे बघतच राहिले. "तू कुठे होतीस? मी एकटाच होतो. चहा टाकतेस का, चहा टाकतेस का... नुसत्या हाका मारतोय. तू ओ देत नव्हतीस."

सोमवारी यांनी सही केली नाही.

आता बोलतो आम्ही. पण जिवाला स्वस्थता म्हणून नाही. हे घरात कुठूनही हाक मारतात, काम काहीच नसतं. परवा मिक्सर चालू होता, मला ऐकू आलं नाही, तर धावत किचनमध्ये आले. पांढरेफटक पडलेले. "ओ देत जा गं," म्हणाले, आणि तिथेच ओट्याला धरून उभे राहिले.

एकाच खोलीतून दोघांना वेगवेगळं कसं ऐकू आलं? मला आलं ते खरं, की यांना आलं ते? तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर... नको, सांगूच नका. मी आपली ओ देते. यांची हाक पुरी व्हायच्या आत देते.