दुसऱ्या बारवर नाव नाही

राजय्यामामांवर मी अन्याय केला. तीन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी पावणेसहा वाजता. हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही. मैत्रीण शबानाला नाही, व्यायामशाळेतल्या वस्तादांना नाही, आईलाही नाही. खुद्द राजय्यामामांनाही सांगितलं नाही — पण त्यांना माहीत आहे. कसं, ते पुढं येईल. लगेच सांगायची हिंमत असती तर तीन वर्षं लागली असती का?

तुम्ही मला ओळखत असाल तर पत्रकांवरून ओळखता. पाच दिवसांनी येणारं नळाचं पाणी, बसथांब्यावरचा बंद दिवा, शाळेच्या भिंतीला टेकलेला कचरा — मी लिहिते, छापते, चौकात उभी राहून वाटते. 'जबाब द्या' हे माझं आवडतं शेवटचं वाक्य. जबाब मागायची मला सवय आहे. द्यायची नाही.

आधी अभिमानाचं सांगू द्या. तो खरा आहे, आणि तो मी टाकून देणार नाही. आमच्या पेठेतली व्यायामशाळा सार्वजनिक, पण उंबऱ्याच्या आत चप्पल काढायचा हक्क फक्त पुरुषांना. आम्ही पोरींनी दीड वर्ष भांडून सकाळी सहा ते साडेसात ही वेळ मिळवली. भीक म्हणून नाही, हक्क म्हणून. विड्या वळणाऱ्या बायकांच्या मुली, दवाखान्यातल्या दोन आया, एक शिक्षिका — सगळ्या यायला लागल्या. पाठीवर लोखंड घेऊन पूर्ण खाली बसायचं आणि उठायचं, म्हणजे स्क्वॉट. त्यात एवढं काय, असं विचारणाऱ्यानं एकदा शंभर किलो घेऊन बसून दाखवावं. मग बोलू.

माझी अडचण खांद्याची. दहावीत स्कूटीवरून पडले, तेव्हापासून उजवा हात मागं वळत नाही. साधा सरळ बार मानेमागं धरायला दोन्ही हात मागं न्यावे लागतात. साठ किलोला पाय ताजे असायचे आणि खांदा रडत असायचा. मोबाईलवर शोधलं तेव्हा कळलं, यासाठी वेगळा बार असतो. मानेवर आणि खांद्यांवर जाड गाद्या, गाद्यांतून छातीकडं आलेल्या दोन मुठी, आणि प्लेटा लावायची दोन्ही टोकं जरा खाली, जरा पुढं वाकवलेली. हात पुढंच राहतात.

वस्तादांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "परदेशी वस्तू हाय ती. हितं कुटं मिळायची?"

परदेशात लोखंड वेगळं वाकतं का? मी फोटो घेऊन राजय्यामामांकडं गेले.

मामा साठीचे. यंत्रमागाचे सुटे भाग लेथवर बनवायचे. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि सगळ्या पोरींना 'अम्मा'. पेठेत माग बंद पडत गेले तसं त्यांच्या लेथचं कामही आटत चाललं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो बघितला आणि म्हणाले, "हे राहू दे. तू बैठक मारून दाखव."

मी लोखंडाच्या चुऱ्यात बैठक मारली. त्यांनी मामींना हाक मारली, सुतळी दिली आणि माझ्या खांद्याचं, मानेचं, छातीपर्यंतचं माप घ्यायला लावलं. मामी हसून लोटपोट. "लोखंडाचा ब्लाउज शिवतंय का काय हे?"

मागाचा जुना शाफ्ट पडून होता, मी तोच वापरा म्हटलं. त्यांनी साफ नकार दिला. "तो फिरायला केलेला. हा भार झेलायला पायजे. जात वेगळी लोखंडाची." तीन आठवडे लागले. गाद्यांत जुन्या चादरींच्या घड्या भरून वर रेक्झिन शिवलं. मग सुताच्या गोदामातल्या काट्यावर बार तोलला. चोवीस किलो. "कुठलाबी बार असू दे, वीसच धरतात लोक," मामा म्हणाले. "आधी तोलायचा, मग घ्यायचा." हे मी आजही प्रत्येक नव्या पोरीला पहिल्या दिवशी सांगते. त्यांचं नाव न घेता सांगते.

शेवटी त्यांनी पंच घेतला आणि मधल्या दांड्यावर एकेक अक्षर ठोकलं — राजय्या. मी विचारलं, नाव कशाला? म्हणाले, "चाळीस वर्षं भाग केले. सगळे मशिनच्या पोटात गेले. हा लोकं बघतील की."

व्यायामशाळेत बार बसवायला ते स्वतः आले. रॅक म्हणजे बार टेकवायचे दोन उभे खांब; त्यांना वरपासून खालपर्यंत भोकं असतात, त्यांत आधाराचे आडवे गज बसवतात. माणूस खाली अडकला तर बार त्या गजांवर टेकवायचा. मामांनी मला खाली बसवून नेमकं भोक शोधलं, पूर्ण बसल्यावर बार येतो त्याच्या फक्त दोन बोटं खाली, आणि दोन्ही खांबांवर पांढऱ्या रंगाची खूण केली. "अम्मा, खांद्यावर कितीबी घाल. पण उंचावरून आपटायचा नाही. आपटला की टोकाचा जोड बोलतो."

बार घेऊन आत शिरलो तेव्हा दारातली पोरं ओरडली, "ए, जू आलं रे जू! बैल कुठाय?" शबानानं वळून सुनावलं, "बैल तूच है ना रे! आ ना, लगाती तेरेकू!" त्या दिवसापासून आम्हीच त्याला जू म्हणायला लागलो. लाडानं. ते जू बघून दोन तालमींचे लोक मामांकडं गेले, आम्हालाही असंच करून द्या म्हणाले. मामांचं दुकान पुन्हा चालणार होतं. आणि येत्या रविवारी, सगळ्या पेठेसमोर, मी एकशे वीस किलो उचलणार होते. पत्रकात छापलं होतं तसं.

आता येते मुद्द्यावर. येतेच आहे.

मंगळवारी मी सगळ्यांच्या आधी गेले. किल्ली माझ्याकडं असायची. एकट्यानं जड वजन घ्यायचं नाही हा वस्तादांचा नियम, तोही मला पाठ होता. पण रविवारआधी एकदा खात्री नको का? आणि दुसरी गोष्ट — पांढऱ्या खुणेवर गज लावले की खाली बसताना बार कधीकधी गजांना घासायचा, टण् वाजायचा. मला त्याची लाज वाटायची. गज वर लावणारे भित्रे, असं मी स्वतःच पोरींना म्हणायचे. म्हणून त्या दिवशी दोन्ही गज खाली घेतले. घाईत डावा खुणेच्या दोन भोकं खाली, उजवा तीन. बघितलंसुद्धा नाही.

एकशे वीस खांद्यावर घेतले. खाली गेले. आणि तळाला घाबरले. दुसरा शब्द नाही त्याला. या बारच्या मुठी खाली, अंगाकडं ओढून धरायच्या असतात. मी घाबरून वर ढकलल्या. वजन पुढं गेलं, छाती दुमडली, गुडघे टेकले आणि मी अंग काढून घेतलं. बार हातभर उंचीवरून आधी डाव्या गजावर आदळला, मग तिरपा होऊन उजव्यावर. जोड बोलला. उजवं टोक दोन बोटं वाकलं.

मला काही झालं नाही. गुडघा खरचटला, बस.

पोरी यायला दहा मिनिटं होती. त्या दहा मिनिटांत मी काय केलं? बार बाजूला ओढला. दोन्ही गज काढले. आणि वर नेऊन पांढऱ्या खुणेवर बसवले — नीट, दोन्ही सारखे.

हाच तो अन्याय. पुढचं सगळं यातून आलं.

शबाना आली, "क्या हुआ गे?" मी म्हटलं, "उचलतानाच वाकला." दोनच शब्द. तिनं मला मिठी मारली, कुणी पाणी आणलं, शिक्षिका म्हणाली पोरीचा जीव गेला असता. सगळ्या चिडल्या. त्यांची चीड खरी होती. मी ती घेतली आणि संध्याकाळपर्यंत तिचं पत्रक केलं. 'बहिणींच्या जिवाशी खेळ!' निकृष्ट वेल्डिंग, बेजबाबदार लेथवाला, जबाब द्या. नाव छापलं नाही. पेठेत असा बार करणारा लेथवाला एकच होता, मग नाव कशाला हवं? पाचशे प्रती. सांगायला तोंड नाही, पण माझ्या सगळ्या पत्रकांत सगळ्यात चांगलं तेच उतरलं होतं. दोन्ही तालमींनी निरोप धाडला — नको.

गुरुवारी सकाळी, आमच्या वेळेत, मामा आले. बाहेर उभे राहिले. "आत येऊ का?" विचारलं. बायकांची वेळ म्हणून. ज्या दारात आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, त्या दारात त्यांनी परवानगी मागितली.

त्यांनी बारवरून अंगठा फिरवला. डाव्या बाजूला गजाचा खोल वण होता, उजव्या बाजूला तिरपा. मग रॅककडं गेले. खुणेवर नीट बसलेले गज बघितले. मग वाकून खालची भोकं बघितली. डावीकडं दुसऱ्या आणि उजवीकडं तिसऱ्या भोकाचा रंग ताजा उडालेला होता. त्या उजव्या भोकात त्यांनी बोट घातलं. माझ्याकडं बघितलं.

सगळ्या पोरी उभ्या होत्या. एक वाक्य पुरलं असतं.

मामा म्हणाले, "अम्मा, तुला लागलं नाही ना?"

मी म्हटलं, "नाही." त्या आठवड्यात मी बोललेलं तेवढंच खरं.

त्यांनी वाकलेला बार खांद्यावर टाकला आणि गेले. पंधरा दिवसांनी फाटकाला टेकवलेला नवा बार मिळाला. दोन्ही जोडांवर वरून जाड पट्टी जोडलेली, गाद्या नव्या, माप माझंच. मधल्या दांड्यावर नाव नाही. मी बोट फिरवून बघितलं. गुळगुळीत.

रविवारचा कार्यक्रम पुढं ढकलला होता; तो झाला तेव्हा त्या बारवर मी एकशे वीस केले, पेठेसमोर, टाळ्या घेऊन. मग एकशे पस्तीस. शबानानं शंभर केले. तो बार आजतागायत केसभर वाकलेला नाही, आणि या शहरात त्याच्या तोडीचा बार नाही. मला त्या बारचा अभिमान आहे, माझ्या पायांचा आहे, आमच्या दीड तासाचा आहे. राजय्यामामा आता खिडक्यांच्या जाळ्या करतात. तालमीचं काम पुन्हा कुणी दिलं नाही. मी त्यांच्या बोळातून जात नाही, मागून फिरून जाते.

कारणं मला येतात. बार पोरीनं मोडला असं कळलं असतं तर पुरुषांनी आमची वेळ काढून घेतली असती — हे मी स्वतःला तीन वर्षं सांगितलं. पण गज हलवताना डोक्यात पोरी होत्या का? नव्हत्या. रविवार होता. टाळ्या होत्या. पत्रकावर छापलेला माझा आकडा होता.

हे मी त्याच छापखान्यातून, तेवढ्याच पाचशे प्रती छापून, त्याच चौकात वाटणार आहे. पहिली प्रत सरळ त्यांच्या बोळातून जाऊन मामांच्या हातात देणार. ते काय म्हणतील, तो त्यांचा हक्क. मला काही नको.

पण तुमच्या तालमीला बार लागणार असेल तर राजय्यामामांकडं जा. माप द्या, बैठक मारून दाखवा, तीन आठवडे थांबा. बार तयार झाला की मधल्या दांड्यावरून बोट फिरवून बघा. आणि ते नाव ठोकत नाहीत तोवर दुकानातून हलू नका.