पान टाकायचं न्हाय

कारलं चिरलं की त्याचा उग्र वास मला बेंबळीच्या, माझ्या सासरच्या स्वयंपाकघरात नेतो. मी नवी सून होते. थोरल्या भाऊजींनी दिलेली कादंबरी रटाळ निघाली, म्हणून मी ती निम्म्यात मिटली. भाऊजी सगळ्यांदेखत म्हणाले, "पान टाकून उठायचं न्हाय. ताटातलं असू दे न्हायतर पुस्तकातलं." दातओठ खात मी ती संपवली. शेवटी सगळं नायकाचं स्वप्न निघालं.

दुसऱ्या दिवशी मी कारली मीठ लावून पिळलीच नाहीत. दोन घासांत भाऊजींचा हात थांबला. "पान टाकायचं न्हाय, भाऊजी," म्हणत मी भाजी आणखी वाढली. आणि लगेच आत पळाले.

आता नावडतं पुस्तक मी खुशाल मिटते. राग तेवढा मिटत नाही. आज भाऊजी जेवायला येणार आहेत. कारली न पिळताच फोडणीत टाकलीत, आणि या वेळी वाढून झालं की मी त्यांच्यासमोरच बसणार आहे.