आधी ढीग, मग गाठी

तिचं नाव मी विचारलंच नाही. चोपड्याकडची होती, एवढं बोलण्यावरून कळलं.

नव्वदच्या सुमाराला जळगावजवळच्या आमच्या सूतगिरणीत कॉम्प्युटर आला. कुठल्याही यंत्रावर धागा तुटला, की त्याची नोंद डेटाबेसमध्ये जायची. नोंदींचा मारा एवढा, की दुपारपर्यंत कॉम्प्युटर गपगार! शेवटी मॅनेजरांनी त्याचं रिकामं खोकं आणून ठेवलं. "आज बंद पडला तर उद्या परत." मी ऑपरेटर, माझीही पाठवणी त्याच्याबरोबरच होती.

कॉम्प्युटरवाल्यांनी हिला पाठवलं. तिनं बांगड्या कोपराकडे सारल्या, थोडा वेळ पडदा पाहिला आणि मग खिडकीतून समोरच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, रिकाम्या होणाऱ्या कापसाच्या गाड्या बघत बसली. मी मनात म्हटलं, संपलं!

"तुमचा कॉम्प्युटर आलेली प्रत्येक नोंद लगेच हजारो जुन्या नोंदींत जागा शोधून लावतो," ती वळून म्हणाली. "जिनिंगवाले गाडी आली की दारातच कापसाच्या गाठी बांधतात का?" मग हसली. "बठ्ठा कापूस पहिले ढीगमा टाका, भाऊ. गाठी मंग बांधू."

तिनं तेच केलं. नोंदी येतील तशा एका फाइलीत पडायच्या आणि पाळी संपल्यावर एकदम लागायच्या.

दुपारी मॅनेजर समोर खुर्ची टाकून बसले. नोंदी धो धो येत राहिल्या. भोंगा वाजला, पाळी सुटली, कॉम्प्युटर चालूच! मॅनेजरांनी स्वतः तिच्यासाठी कपात चहा ओतला.

जाताना तिनं खोकं पायानं भिंतीकडे सरकवलं. "याले फेकी द्या."

फेकतो कसले? पुढे कित्येक वर्षं आम्ही त्यावरच चहाचे कप ठेवले.