वजिराची सही आणि हळदीचं बोट: मोशी ते देहूरोड

...गोठा झाडला, धार काढली, आणि शेवटची भाकरी तव्यावर असतानाच ठरवलं, आज देहूरोडला जायचंच. साल ऐंशीच्या आसपासचं. हे वारल्याला दोन वर्षं झाली होती. पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. कंपनीनं यंत्रं बसवायला टांझानियाला धाडलं, तिथून वीस शिलिंगांच्या नोटा घेऊन आले. नोटा दिसायला सारख्या, फरक फक्त सह्यांचा. प्रत्येक सहीची एक तरी नोट जमवायचा ह्यांना नाद. "एक सही राहिली गं," असं शेवटपर्यंत म्हणायचे. ती देहूरोडच्या गायकवाडांकडे आहे, असं ह्यांच्या दोस्तानं सांगितलं होतं.

मोशीतून कासारवाडीची बस धरली. कंडक्टर गावातलाच.

"मावशे, कुठं निघाली?"

"देहूरोडला. नोटा बदलायला."

"अगं, बँक भोसरीत बी हाय की!"

अख्खी बस हसली. मीही.

पुढं लोकल. दुपारी गाड्या कमी, जाणाऱ्यांनी सकाळीच निघावं. स्टेशनाबाहेर चहा-खारी घेतली. येऊन-जाऊन पाचाच्या नोटेत भागलं.

गायकवाड दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी भिंग दिलं. सहीखालची अक्षरं वाचून दाखवली, "वाझिरी. म्हणजे मंत्री."

"मग आपला वजीरच की!"

ह्यांच्याकडे एका सहीच्या दोन नोटा होत्या. त्यातली एक देऊन ती राहिलेली घ्यायची, असं ठरलं. मी नोट पुढं केली.

"ताई, हा पिवळा डाग कसला?"

"हळद. लक्ष्मीपूजनाला मी सगळ्या नोटांना बोट लावलं होतं. हे होते तेव्हा."

"अरेरे! डागाची नोट कोण घेणार?"

मी नोट परत रुमालात बांधायला लागले. तेवढ्यात त्यांच्या बायकोनं आतून ऐकवलं, "अहो, सह्या जमवता ना? मग ही ताईंची सहीच की. दुसरी दाखवा बरं कुठं!"

गायकवाडांनी भिंग लावलं. "खरंच, बोटाच्या रेषा उमटल्यात." त्यांनी हसून नोट बदलून दिली.

परतताना मला वाटलं, बाई बरोबर बोलली. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं, मी अंगठाच उठवायचे. वाचायला नंतर शिकले, वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून.

रात्री ट्रंकेत सगळ्या नोटा ओळीनं लावल्या. संच पुरा झाला होता, पण सांगायचं कुणाला? पिवळ्या ठिपक्यांमध्ये नवी नोट तेवढी कोरी, परकी दिसत होती. विधवेनं हळदीकुंकवाचा करंडा उघडायचा नाही, अशी आमच्याकडची रीत.

दुसऱ्या दिवशी मी करंडा उघडला, हळद भिजवली आणि त्या नोटेवर बोट टेकवलं.