पावसाळ्यातला पगार

शेठ खोटं बोलला आणि मी नंदीबैलासारखी मान हलवली. आजही आठवलं की डोकं तापतं.

स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली होती. रेवदंड्याहून मुंबईला जाणाऱ्या लाँचवर मी इंजिन चालवायचो. पगार चांगला, पण आठ महिन्यांचा. पावसाळ्यात लाँच बंद, पगारही बंद. तेव्हा इंजिन सुरू करायचं लोखंडी हँडल शेठ माझ्या घरी ठेवायला द्यायचा. ज्याच्या घरी हँडल, त्याचीच पुढच्या हंगामाची नोकरी, अशी रीत. त्याही वर्षी शेठ म्हणाला, "हँडल तुझ्या घरी, म्हणजे नोकरी तुझीच," आणि मी मान हलवली. कागद मागायची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी हँडल तेल लावून, पुसून खांद्यावर टाकलं आणि बंदरावर गेलो. बघतो तर लाँचवर नवं इंजिन, आणि इंजिनवर नवा माणूस! शेठ म्हणतो, "ते हँडल ठेव तुझ्याकडे. आता काय उपयोग त्याचा?" मेल्या, तुझं इंजिन तान्ह्या पोरासारखं सांभाळलं रे मी! हँडल तिथेच धक्क्यावर आपटलं आणि घरी आलो.

महिन्याभरात उरणचा एक लाँचवाला दारात आला. दीडपट पगार देतो म्हणाला. मी विचारलं, "आणि पावसात?"

तो हसला. "पावसात सासुरवाडी हाय ना तुला!"

म्हणजे त्याच्याही कानावर गेलं होतं. घरात शिजवायला काही नसायचं, म्हणून दर पावसाळ्यात माझी बायको पोरांना घेऊन म्हसळ्याला बापाकडे जायची. आणि ताट वाढलं की बाप चारचौघांत विचारायचा, "नवरा कमावतो म्हणतेस ना गं?"

लाँचवाल्याला मी हाकललं आणि बंदर कचेरीत शिपाई झालो. पगार निम्म्याहून कमी, पण बारमाही, आणि नोकरी कायम. माझा म्हातारा भडकला, "इंजिनवरचा मानूस साहेबाला पानी देनार? लाज न्हाय वाटत?"

"न्हाय वाटत!" मी ओरडलो. "लाज बायकोला माहेरी धाडताना वाटते!"

आषाढात पगार झाला. तांदूळ घेऊन भिजत घरी आलो. बायको पडवीत बसली होती. म्हणाली, "लग्नाला आठ वर्षं झाली. आपल्या अंगणात पाऊस कसा पडतो, ते यंदा बघते मी."

शेठवरचा राग त्या घडीला कुठल्या कुठे गेला. स्वतःचाच आला. चांगल्या पगाराच्या तोऱ्यात मी आठ पावसाळे घालवले होते, आणि तिने एकदाही तोंड उघडलं नव्हतं.